मायेने दिलेला ऑक्सिजनही तपासावा लागतो

परिहार सेवेत, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरमध्ये, संशोधन कशाला, असं आम्हाला नेहमी विचारतात. शेवटच्या दिवसांतल्या माणसावर कसले प्रयोग करता? उत्तरादाखल एक उदाहरण बघू.

दम लागलेला रुग्ण दिसला की आपण ऑक्सिजन लावतो. पण रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असूनही दम लागत असेल, तर? ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अशा २३९ रुग्णांवर हे तपासलं गेलं. काहींना सात दिवस ऑक्सिजन दिला, बाकीच्यांना तशाच यंत्रातून साधी हवा. कोणाला काय मिळतंय, हे रुग्णाला किंवा डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. २०१० साली निकाल आला: दोन्ही गटांना थोडा आराम पडला, ऑक्सिजनचा जास्तीचा फायदा दिसला नाही.

आता घरचा विचार करा. यंत्र म्हणजे खर्च, आवाज आणि नळीला बांधलेला माणूस. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेऊनही दम हलका होतो, हेही चाचणीत दिसलंय. अर्थात रक्तातला ऑक्सिजन खरंच कमी असेल, तर तो द्यायलाच हवा. डॉक्टरांना न विचारता नळी काढू नये.

ज्याच्याकडे वेळ थोडा आहे, त्याच्यावर निरुपयोगी उपचारांचा भार आपण टाकू नये. आणि निरुपयोगी काय, हे तपासल्याशिवाय कळत नाही.