लागलेली नोकरी सोडताना

गेल्या वर्षी एक तरुण फिटर आमच्या युनियनच्या कचेरीत आला. नव्या कारखान्यात लागून त्याला जेमतेम चार महिने झाले होते. दुसरीकडून दीडपट पगाराचे बोलावणे होते. पण रुजू होताना त्याने दोन वर्षांच्या करारावर सही केली होती. “अण्णा, गेलो तर तुरुंगात घालतील का?” हा त्याचा पहिला प्रश्न.

प्रश्न भाबडा खरा, पण त्याला इतिहास आहे. १८५९ च्या कायद्यान्वये उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराने वा मजुराने मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानंतरही काम केले नाही, की त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होत असे. १९२५ च्या कायद्याने तो रद्द झाला. आज असा तंटा दिवाणी आहे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर जुंपण्याचा हुकूम न्यायालय देत नाही.

म्हणून सही निरर्थक ठरते काय? नव्हे. कल्याणच्या एका रेयॉन कारखान्यातील पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून जास्त पगारावर कोट्यास गेला. मुदत संपेपर्यंत तेच काम दुसरीकडे करण्याची मनाई सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली कायम केली. तीन वर्षे पुरी होण्याआधी गेलेल्या एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याने भरलेले दोन लाख रुपये, भरतीचा खर्च ध्यानी घेऊन, त्याच न्यायालयाने २०२५ साली योग्य ठरविले.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा होय; न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. आणि कलम २७ प्रमाणे, नोकरी संपल्यावरही त्या धंद्यात दुसरीकडे काम करू नये, ही अट सामान्यतः रद्दबातल असते.

तेव्हा जाणाऱ्याने काय करावे? नवे बोलावणे तोंडी असेल तर राजीनामा देऊ नये. नेमणूकपत्र हाती घ्यावे. नोटिशीची मुदत भरावी, पोच घ्यावी. भविष्यनिर्वाह निधी काढून खर्चू नये, नव्या ठिकाणी वर्ग करावा. त्याच्या निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते.

मालक म्हणतात, हा कृतघ्नपणा. उमेदवारीतल्या माणसाला काढताना मात्र तेच हिशोबाची भाषा बोलतात. श्रम हेच ज्याचे भांडवल, त्याने चांगला भाव घेण्यात आम्हांला पाप दिसत नाही. त्याचे ऋण आहे ते सोबत्यांचे. रातोरात नाहीसा होणाऱ्याची पाळी शेजारच्या माणसाच्या अंगावर पडते. शिवाय एकजण गेला की एकाचाच पगार वाढतो. त्या यंत्रावरचा दर तोच राहतो. म्हणून जाण्याचे कारण लेखी सांगून जावे. मागे राहिलेल्यांना पगारवाढ मागताना तो कागद उपयोगी पडतो.

त्या तरुणाने महिन्याची नोटीस भरली, राजीनाम्यात पगाराचे कारण लिहिले आणि तो गेला. कंपनीने कराराची रक्कम मागितली. त्याला एक दिवसाचेही प्रशिक्षण दिले नव्हते, हे आम्ही लेखी कळविले. उत्तर अजून आलेले नाही. पण त्या खात्यातले बाकीचे फिटर मात्र आता आमच्या कचेरीत येऊ लागले आहेत.