आकडा मोठा, प्रोसेसर जुना : स्वस्त लॅपटॉप घेताना गुणांक कसे वाचावेत?

बारावीचा निकाल आणि सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षेचे गुण हाती आले की राज्यातील अनेक घरांत दोन निर्णय एकाच वेळी घ्यावे लागतात. मुलाने अथवा मुलीने कोणत्या विद्यापीठात जायचे हा पहिला, आणि सोबत कोणता लॅपटॉप द्यायचा हा दुसरा. २०२२ पासून पदवी प्रवेशासाठी ही सामाईक परीक्षा सुरू झाली आणि दूरच्या केंद्रीय विद्यापीठांचे दरवाजे एका अर्जावर खुले झाले. कर्नाटकातील कडगंची येथील केंद्रीय विद्यापीठ हे त्यांपैकीच एक. दत्तभक्तांना हे नाव नवे नाही. गुरुचरित्रातील सायंदेवांचे हे गाव. गाणगापूर क्षेत्रही याच कलबुर्गी जिल्ह्यात आहे. २००९ च्या केंद्रीय विद्यापीठ कायद्यान्वये स्थापन झालेले हे विद्यापीठ आळंद तालुक्यातील या ग्रामीण परिसरात उभे आहे.

अशा ठिकाणी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने लॅपटॉप हीच अभ्यासिका, हेच ग्रंथालय आणि हीच प्रयोगवही असते. तो बिघडला किंवा मंदावला तर शहर गाठावे लागते. तीस-पस्तीस हजार रुपये मोजून घेतलेले हे यंत्र किमान तीन-चार वर्षे चालावे, अशी पालकांची रास्त अपेक्षा असते. रॅम काही लॅपटॉपमध्ये वाढविता येते, साठवणीचा एसएसडी बहुधा बदलता येतो. प्रोसेसर मात्र आजच्या जवळजवळ सर्व लॅपटॉपमध्ये मदरबोर्डलाच जोडून टाकलेला असतो. त्याची निवड चुकली तर ती संपूर्ण पदवीकाळ सोसावी लागते. दुर्दैवाने नेमक्या याच भागाच्या बाबतीत ग्राहकापुढे सर्वाधिक फसवे आकडे मांडले जातात.

गुणांक म्हणजे तुलना

प्रोसेसरची कामगिरी तीन गोष्टींवर ठरते. तो सेकंदाला किती ठोके घेतो, म्हणजेच त्याचा गिगाहर्ट्झमधील क्लॉक स्पीड. प्रत्येक ठोक्यात तो किती काम उरकतो. आणि असे काम करणारे कोअर किती आहेत. फेरीबोटीचे उदाहरण घेतले तर हे सहज उमगते. एखादी बोट दिवसात किती फेऱ्या मारते, एवढ्यावरून तिने किती वाहने पलीकडे नेली हे कळत नाही. प्रत्येक फेरीत किती वाहने मावतात आणि धक्क्यावर एकूण बोटी किती, हेही पाहावे लागते. शिवाय पलीकडे जाणारे वाहन एकच असेल, तर धक्क्यावर आठ बोटी असूनही त्याचा प्रवास लवकर संपत नाही.

जाहिरातीत यांपैकी जो आकडा मोठा दिसतो तेवढाच ठळक छापला जातो. कामगिरीचा कोणताही गुणांक ही मुळात एक तुलना असते. ती कशाशी केली, कोणत्या कामासाठी केली आणि किती वेळ मोजली, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याविना त्या आकड्याला अर्थ येत नाही.

तीन दशकांचा इतिहास

हा प्रकार आजचा नाही. १९९६ च्या सुमारास सायरिक्स, एएमडी आणि त्यांच्या सहकारी कंपन्यांनी ‘पी-रेटिंग’ नावाची पद्धत आणली. सायरिक्सच्या ‘६एक्स८६ पी१६६+’ या प्रोसेसरचा प्रत्यक्ष क्लॉक स्पीड १३३ मेगाहर्ट्झ होता. नावातील १६६ चा अर्थ असा, की कार्यालयीन कामाच्या चाचणीत तो इंटेलच्या १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमची बरोबरी करतो. लेखन व हिशेबाच्या कामापुरता हा दावा निराधार नव्हता. मात्र अपूर्णांकांच्या आकडेमोडीत हा प्रोसेसर दुबळा होता. त्याच वर्षी आलेला ‘क्वेक’ हा त्रिमितीय खेळ याच आकडेमोडीवर अवलंबून होता आणि तेथे हा प्रोसेसर पेंटियमच्या बराच मागे पडला. एका कामासाठी खरा असलेला गुणांक दुसऱ्या कामासाठी खोटा ठरला.

त्यानंतर पारडे फिरले. २००० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या इंटेलच्या पेंटियम ४ चा क्लॉक स्पीड मोठा होता. पण प्रत्येक ठोक्यात तो आपल्याच पूर्वसुरीपेक्षा, म्हणजे पेंटियम ३ पेक्षा, कमी काम करीत असे. उत्तरादाखल एएमडीने २००१ मध्ये ‘अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+’ आणला. त्याचा प्रत्यक्ष क्लॉक स्पीड १.५३ गिगाहर्ट्झ होता. हा आकडा आपल्याच जुन्या अ‍ॅथलॉनशी केलेल्या तुलनेतून आल्याचे कंपनी सांगत असे. ग्राहक मात्र तो १.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ शी जोडून वाचत होते. पेंटियम ४ च्या चाचण्यांतील आकडे फुगवून दाखविल्याच्या आरोपावरून अमेरिकेत इंटेलवर सामूहिक दावा झाला. २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता तडजोड केली आणि पात्र ग्राहकांना प्रत्येकी १५ डॉलर देण्याचे ठरले. तोवर ती यंत्रे केव्हाच भंगारात गेली होती.

कोअरच्या संख्येवरूनही असाच वाद झाला. एएमडीने २०११ मध्ये आणलेल्या ‘एफएक्स’ मालिकेतील काही प्रोसेसर आठ कोअरचे म्हणून विकले गेले. त्यांत दोन-दोन कोअरना अपूर्णांकांच्या आकडेमोडीचा विभाग सामाईक होता. हे खरे आठ कोअर नव्हेत, असा दावा ग्राहकांनी केला. २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरच्या तडजोडीने तो मिटला. आरोप मात्र कंपनीने नाकारलेच होते.

नावातील आकडा काय लपवितो?

आज दुकानात दिसणारा घोळ मुख्यतः नावांचा आहे. एएमडीच्या ‘रायझन ५ ५५००यू’ आणि ‘रायझन ५ ७५२०यू’ या दोन प्रोसेसरांची तुलना पाहावी. पहिला २०२१ च्या आरंभी जाहीर झाला, दुसरा २०२२ च्या सप्टेंबरमध्ये. साडेसात हजार हे साडेपाच हजारांहून मोठे, म्हणून दुसरा सरस असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात दोहोंतील कोअर २०१९ मध्ये अवतरलेल्या ‘झेन २’ याच रचनेचे आहेत. पहिल्यात असे सहा कोअर आहेत, दुसऱ्यात चारच. दुसऱ्याचा कमाल क्लॉक स्पीड थोडा अधिक आहे आणि त्याला नव्या पद्धतीची रॅम लागते, हे खरे. परंतु अनेक कोअर एकाच वेळी वापरणाऱ्या कामात जुना पुढे राहतो.

या ७००० मालिकेच्या नावात एक खूण दडलेली आहे. तिसरा अंक कोअरची रचना सांगतो. ७३२०यू मधील २ म्हणजे झेन २, ७३३०यू मधील ३ म्हणजे झेन ३ आणि ७६४०यू मधील ४ म्हणजे झेन ४. पहिला अंक केवळ विक्रीचे वर्ष सुचवितो. दुर्दैव असे, की ग्राहकाचे लक्ष सर्वप्रथम जाते ते पहिल्याच अंकाकडे.

या नामकरणावर इंटेलने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर टीका केली. पण पुढच्याच महिन्यात इंटेलने स्वतः ‘कोअर ५ १२०यू’ आणि ‘कोअर ७ १५०यू’ ही नवी नावे बाजारात आणली. त्यांच्या आत आधीच्याच पिढीची रचना होती. ‘आय३’ या एकाच नावाखाली तर दोन निराळ्या जातीचे प्रोसेसर विकले जातात. ‘कोअर आय३-१३१५यू’ मध्ये दोन ताकदीचे आणि चार काटकसरी असे सहा कोअर आहेत. ‘कोअर आय३-एन३०५’ मध्ये आठ कोअर आहेत. परंतु ते सर्व काटकसरीच आहेत. सहापेक्षा आठ अधिक, हा हिशेब येथे चालत नाही. कार्यक्रम उघडणे, संकेतस्थळांची पाने चाळणे, लांबलचक दस्तऐवजात शोध घेणे अशी रोजची कामे बहुधा एक-दोन कोअरच्या वेगावर अवलंबून असतात आणि तेथे सहा कोअरचा १३१५यू सरस ठरतो. इंटेलने २०२३ पासून स्वस्त लॅपटॉपसाठी पेंटियम आणि सेलेरॉन ही नावे बंद करून नुसते ‘इंटेल प्रोसेसर’ असे नाव दिले. त्यामुळे हा सर्वांत खालच्या श्रेणीतील प्रोसेसर आहे, ही नावावरून मिळणारी सूचनाही नाहीशी झाली.

चाचणीचे गुण आणि त्यांचा भार

कंपनीच्या नावांवर विश्वास नको म्हणून अनेक जण बेंचमार्क चाचण्यांच्या गुणांकडे वळतात. हा मार्ग तुलनेने बरा आहे; पण तेथेही सावधगिरी हवी. अनेक कसोट्यांचे गुण एकत्र करून एकच आकडा काढताना कोणत्या कसोटीला किती भार द्यायचा, हे कोणीतरी ठरवीत असते. ‘युजरबेंचमार्क’ या प्रसिद्ध संकेतस्थळाने २०१९ मध्ये अनेक कोअरच्या कामगिरीला दिलेला भार अवघ्या दोन टक्क्यांवर आणला. प्रोसेसर तेच राहिले, त्यांची क्रमवारी मात्र बदलली. ‘सिसमार्क’ ही चाचणी तयार करणाऱ्या बॅपको या संघटनेतून २०११ मध्ये एएमडी, एनव्हिडिया आणि व्हिया या कंपन्या बाहेर पडल्या. चाचणीत निवडलेली कामे सामान्य ग्राहकाच्या वापराशी जुळत नाहीत, ही एएमडीची तक्रार होती. म्हणून एकत्रित गुणांऐवजी ‘सिंगल-कोअर’ आणि ‘मल्टी-कोअर’ हे दोन आकडे स्वतंत्रपणे पाहावेत.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. लॅपटॉपचा प्रोसेसर प्रारंभी थोडा वेळ जास्त वीज ओढून जोरात धावतो आणि तापला की मंदावतो. ‘आय३-१२१५यू’ ची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे. अल्पकाळासाठी ती ५५ वॅटपर्यंत जाऊ शकते. जाहिरातीतील ‘४.४ गिगाहर्ट्झपर्यंत’ या शब्दांतील ‘पर्यंत’ चा अर्थ हाच. छोटी चाचणी या जोराच्या काळातच संपते. तासभर चालणारे सांख्यिकीचे गणित किंवा चित्रफितीचे संपादन पुढच्या मंद टप्प्यात होते. एकच प्रोसेसर चांगला पंखा असलेल्या लॅपटॉपमध्ये निराळा वागतो आणि पंखा नसलेल्या पातळ लॅपटॉपमध्ये निराळा. कलबुर्गीच्या कडक उन्हाळ्यात, पंखाही अपुरा पडणाऱ्या खोलीत हा फरक अधिकच जाणवणार, हे उघड आहे.

‘आय७’ स्वस्तात मिळतो तेव्हा

नव्या लॅपटॉपच्या किमती परवडत नाहीत म्हणून अनेक पालक जुने, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप पाहतात. हा पर्याय वाईट नाही. मात्र तेथे नुसत्या ‘आय७’ या शब्दाला भुलू नये. २०१५ मधील सहाव्या पिढीचा ‘आय७-६६००यू’ दोनच कोअरचा आहे. आजचा साधा ‘आय३-१२१५यू’ त्याहून बराच वेगवान आहे. आणखी एक अडचण आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला, मोजके अपवाद वगळता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचाच प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र घेतल्यास सुरक्षाविषयक सुधारणांचा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहतो. लिनक्स वापरण्याची तयारी असेल, तरच अशा यंत्राचा विचार करावा.

दुकानात जाण्यापूर्वी

पणजी, मडगाव वा म्हापशाच्या दुकानात जाण्याआधी अथवा ऑनलाइन मागणी नोंदविण्याआधी पुढील गोष्टी तपासाव्यात.

- प्रोसेसरचे संपूर्ण नाव, शेवटच्या रोमन अक्षरासह, मागून घ्यावे. ‘आय५’ किंवा ‘रायझन ५’ एवढे उत्तर पुरेसे नाही.
- ते नाव इंटेल अथवा एएमडीच्या अधिकृत संकेतस्थळावर शोधून कोअरची रचना, त्यांचा प्रकार, प्रोसेसर जाहीर झाल्याचे वर्ष आणि वीजमर्यादा पाहावी.
- गुणांची तुलना एकाच चाचणीच्या एकाच आवृत्तीत करावी. शक्य असल्यास त्याच लॅपटॉपची दीर्घकाळ चालविलेली चाचणी पाहावी.
- विद्यार्थ्याचे काम ठरवावे. भाषा वा सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासाला, लेखनाला आणि ऑनलाइन व्याख्यानांना सिंगल-कोअर वेग महत्त्वाचा. प्रोग्रामिंग, सांख्यिकी वा चित्रफितीच्या कामाला मल्टी-कोअरही तितकाच महत्त्वाचा.
- रॅम किमान ८ जीबी असावी आणि पुढे वाढविता येते का, हे विचारावे. ईएमएमसीऐवजी एसएसडी असावा. या दोन गोष्टी कमी पडल्या तर चांगला प्रोसेसरही रखडतो.

खरेदीच्या पावतीवर प्रोसेसरचे पूर्ण नाव लिहून घेणे, ही शेवटची पण आवश्यक खबरदारी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. सांगितलेला प्रोसेसर आणि हाती आलेला प्रोसेसर वेगळा निघाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. मात्र नावातील संकेतांचा अर्थ कंपनीने कोठेतरी प्रसिद्ध केलेला असेल, तर केवळ नाव गोंधळात टाकणारे आहे म्हणून दाद मिळणे कठीण. म्हणूनच तो अर्थ पैसे मोजण्याआधी समजून घेणे ग्राहकाच्या हिताचे आहे. पूर्ण नाव शोधून पाहायला दहा मिनिटे पुरतात. ती दुकानातच, विक्रेत्याच्या समोर खर्च करण्यास पालकांनी संकोचू नये.