रेकीचा दिवस

पहाटे ५:१०

लातूरचा ट्युशन एरिया झाडलोट व्हायच्या आधीच जागा झालाय. रस्त्यावर दिवे आहेत, आभाळात उजेड नाही. सायकलींच्या घंट्या, शटर वर जाण्याचा खडखडाट, चहाच्या गाड्यावरच्या स्टोव्हचा फरफर आवाज. पाठीवर सॅक आणि डोक्यावर कानटोपी घातलेली पोरं सहाच्या बॅचला निघालीत. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, थंडी अजून हटलेली नाही.

आम्ही तिघं रात्रीच्या गाडीनं पुण्याहून आलो. डीओपी (म्हणजे कॅमेरा सांभाळणारी), साउंडवाला आणि मी. फिल्म कोर्सच्या दुसऱ्या वर्षाची शॉर्टफिल्म, लांबी ८ मिनिटं, बजेट २२ हजार. गोष्ट अकरावीतल्या एका मुलाची, जो 'नीट'साठी गाव सोडून इथे येऊन राहिलाय आणि एकटा पडलाय. शूटिंगला १९ दिवस उरलेत. आज एका दिवसात जागा बघायच्या, मुलगा शोधायचा आणि शॉट डिव्हिजन संपवायचं.

मी इथे २ वर्षं काढलीत. त्यामुळे या भागाची मला सगळी माहिती आहे, असं मी गाडीत दोघांना फार वेळ सांगत होतो.

६:२०

उद्योग भवनाच्या बाजूला चहा. इथल्या भिंतींवर भिंत दिसत नाही. गेल्या वर्षीच्या निकालाचे फ्लेक्स, त्यावर पासपोर्ट फोटोतले चेहरे आणि प्रत्येकाखाली ७२० पैकी किती ते. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीत नव्वदच्या दशकात लातूरची नावं झळकायला लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द मराठीत कायमचा राहिला. यादी गेली, बोर्डाची जागा वैद्यकीय प्रवेशानं घेतली, शब्द मात्र तसाच आहे.

साउंडवाला नाशिकचा. त्यानं फ्लेक्सवरचे चेहरे मोजायला सुरुवात केली, ऐंशीच्या पुढे नाद सोडला.

"यातला कुठला एकटा असेल?" त्यानं विचारलं.

चहावाले काका मधेच म्हणाले, "कुणाला बघायलाव? रूम पाहिजे का?" रूम पाहिजे होतीच, पण ३ दिवसांसाठी आणि कॅमेऱ्यासकट. काकांनी ओळखीच्या घरमालकांचा नंबर दिला आणि शूटिंग म्हटल्यावर चहाचे पैसे घ्यायला नकार दिला. आमच्या सिनेमातली ही पहिली स्पॉन्सरशिप.

८:००

खोली. दुसरा मजला, १० बाय ११, तीन कॉट, तीन लोखंडी टेबलं, एक खिडकी. खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत.

माझ्या स्क्रिप्टमध्ये पहिलाच शॉट खिडकीचा होता. मुलगा बाहेर पाऊस बघत बसलाय. इथे खिडकीतून दिसते ती भिंत, आणि पाऊस आणायला टँकर लागतो. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे आम्ही खोट्या पावसासाठी टँकर मागवायचा, हे डीओपीनं बोलून दाखवलं आणि मला लाज वाटली. पाऊस गेला. खिडकीही गेली.

मग लेन्सची पंचाईत. ५० एमएम लावली की मुलाचा कान आणि कॉटचा पाय एवढंच दिसतं. २४ लावली की सगळं दिसतं, पण खोली लग्नाच्या हॉलसारखी ऐसपैस होते. अडचण दाखवायला आलेला कॅमेराच ती लपवतो. तासभर खटपट केल्यावर डीओपी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली आणि अर्धवट उघड्या दारातून तिनं ५० लावली. आता चौकटीच्या दोन्ही बाजू काळ्या, मधल्या फटीत टेबल, टेबलावर कोपर. खोली बरोबर होती तेवढीच दिसली.

ट्यूबलाइट लुकलुकू नये म्हणून २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं हे गणित सोपं आहे, तरी गेल्या सेमिस्टरला मी ते चुकवून अख्खी फिल्म चमकवली होती. वहीत दोनदा लिहून घेतलं.

९:४०

साउंडवाल्यानं सगळ्यांना गप्प करून खोलीचा रूम टोन घेतला. एक मिनिट नुसती शांतता, संकलनात संवादांखाली पसरायला. हेडफोन काढून तो म्हणाला, "शांतता नाहीच इथे." वरच्या मजल्यावर कुणीतरी मोठ्यानं जीवशास्त्र पाठ करत होतं.

११:००

एका ओळखीच्या शिक्षकांनी त्यांच्या घरच्या गच्चीवर ९ मुलं बोलावून ठेवली होती, सगळी सोळा-सतरा वर्षांची. मी प्रत्येकाला एकच सांगितलं : तू खोलीत एकटा आहेस, करून दाखव.

नऊच्या नऊ जणांनी खाली मान घातली. सात जणांनी गुडघे पोटाशी घेतले. एकानं सुस्कारा टाकला आणि मग माझ्याकडे बघितलं, जमला का म्हणून. त्यांचा दोष नाही. एकटं माणूस असंच दिसतं, हे त्यांना सिनेमांनीच शिकवलंय, आणि त्यातले काही सिनेमे विद्यार्थ्यांनीच बनवलेले असतात.

डीओपी माझ्या कानाशी म्हणाली, "त्यांना काहीतरी काम दे ना."

मग मेसचा एक डबा मागवला. डबा उघडायचा, शेजारी प्रश्नपत्रिका ठेवायची आणि ती सोडवत जेवायचं. दहा मिनिटांत गच्चीवरचं चित्र बदललं. आता कुणी अभिनय करेना, सगळे जेवू लागले. पाचव्या मुलानं डब्याचं झाकण उलटं करून त्यात भाजीतली मिरची एक-एक वेचून काढली, ओळीत मांडली, आणि शेवटी झाकण परत लावताना ती मिरची पुन्हा भाजीत टाकली. टाकून द्यायला कचऱ्याचा डबा तीन मजले खाली, आणि जेवायला दुसरं कुणी नाही. हे त्याला मी सांगितलं नव्हतं. तो उदगीरकडचा, हॉस्टेलला दुसरं वर्ष. त्याच्या नावापुढे आम्ही तिघांनी एकमेकांना न विचारता खूण केली.

दुपारी १:१५

मेसमध्ये जेवण. चपात्या चामट, वरण बरं.

२:३०

कोर्सच्या सरांना फोन. त्यांनी काल रात्री तिसरा मसुदा वाचला होता. आधी त्यांनी मनाई केलेल्या गोष्टींची यादी ऐकवली. मुलगा शेवटी समुद्रापर्यंत धावणार नाही, कारण ते त्रुफोनं १९५९ मध्ये 'द ४०० ब्लोज'मध्ये करून ठेवलंय आणि लातूरला समुद्र नाही. तो कॅमेऱ्यावर दगड मारणार नाही, तो 'फँड्री'तल्या जब्यानं मारलाय. पियानो नाही. व्हॉइसओव्हर नाही.

"आणि तो पंखा काढ," सर म्हणाले.

माझ्या मसुद्याचा शेवट असा होता : मुलगा कॉटवर पडलाय, कॅमेरा हळूहळू वर जातो, पंखा फिरतोय, अंधार. मला तो सूचक वाटला होता. सर म्हणाले की त्यांच्याकडे दर वर्षी असे चार-पाच पंखे येतात. राजस्थानातल्या कोट्यात २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखायला प्रशासनाला हॉस्टेलांच्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचे आदेश द्यावे लागले, तिथपर्यंत ही गोष्ट खरी आहे. तू ती शेवटच्या शॉटची सोय म्हणून वापरतोयस. तुझा मुलगा एकटा आहे, एवढं पुरेसं का वाटत नाही तुला? त्याचं काहीतरी व्हायलाच हवं का?

मी गप्प. गच्चीवर मान खाली घालणाऱ्या पोरांना मी मनातल्या मनात हसलो होतो, आणि माझा पंखा हा त्याच सुस्काऱ्याचा मोठा भाऊ होता.

मग सरांनी 'किल्ला' पुन्हा बघायला सांगितला. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनाबरोबर त्याचं छायाचित्रणही स्वतःच केलंय. २०१४ मध्ये बर्लिनला त्याला क्रिस्टल बेअर मिळालं. वडील गेलेला मुलगा पुण्याहून आईच्या बदलीमुळे कोकणात येतो. त्याला मित्र मिळतात, सायकली मिळतात, समुद्र मिळतो, आणि तरी तो एकटा असतो, हे बघायला सरांनी सांगितलं.

दुसरी अडचण धाकट्या भावाची. स्क्रिप्टमध्ये ११ वर्षांचा भाऊ गावाहून वडिलांबरोबर भेटायला येतो, हा एकच सुखाचा सीन. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे १४ वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, पालकांची संमती लागते आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी काढावी लागते. नियम चांगले आहेत, आणि कुणी तपासायला येणार नाही म्हणून ते मोडावेत असं आम्हाला वाटत नव्हतं. पण १९ दिवसांत हे सगळं बसवायचं कसं? सर म्हणाले, "मग भाऊ घरीच राहू दे. घर फोनवर येऊ दे."

फोन ठेवल्यावर मला एवढंच वाटलं की माझा एकुलता एक चांगला सीन गेला.

४:००

गंजगोलाईजवळच्या एका हॉटेलात बसून शॉट डिव्हिजन. गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात. साउंडवाला दोनदा चुकीच्या रस्त्यानं गेला आणि वेगवेगळ्या दुकानांतून तेच फरसाण घेऊन परत आला.

४१ शॉट होते, २३ उरले. घड्याळाचे क्लोजअप गेले, आरसा गेला, रिकाम्या झोक्याचा शॉट गेला (झोका कुठून आला होता, मलाच आठवेना). डीओपीची सूचना अशी की मुलगा एकाही फ्रेममध्ये खरोखर एकटा नसावा. कुठे रूममेटचा पाय, कुठे वाळत घातलेला दुसऱ्याचा टॉवेल, दाराबाहेरून जाणारी सावली. बॅचमध्ये दोनशे डोकी. मी म्हटलं, मग प्रेक्षकाला कळणार कसं? ती म्हणाली, तू इथे होतास तेव्हा तुझ्या खोलीत कितीजण होते? पाच. आणि तुला कळलं नव्हतं का?

या प्रश्नावर मी चहा मागवला.

६:१५

मॅजिक अवर. टाकीवर चढून सूर्यास्त बघितला. दहा मिनिटं केशरी उजेड, मग संपलं. सुंदर होता, म्हणूनच वापरायचा नाही असं ठरलं.

रात्री ८:४०

रात्रीचा उजेड कसा पडतो ते बघायला पुन्हा सकाळच्या खोलीवर. तिघांपैकी दोघं क्लासला, एक टेबलाशी. फिजिक्सची गणितं सोडवत होता. त्याला विचारून आम्ही दाराशी उभे राहिलो. डीओपीनं लाइट मीटर धरला. साउंडवाल्यानं हेडफोन कानाला लावले आणि भुवया उंचावल्या.

वहीशेजारी फोन उताणा पडला होता, स्पीकर चालू. कॉल सुरू होऊन १ तास १२ मिनिटं झाली होती. त्यातून कुणी बोलत नव्हतं. लांबून टीव्हीवरच्या मालिकेचा आवाज, भांडं ठेवल्याचा आवाज, आणि मधूनमधून थप्, थप्, थप्, थप्.

"कुणाशी बोलायलास?" मी विचारलं.

"बोलत नाही," तो म्हणाला. "मम्मी भाकऱ्या करायलीय."

त्यानं दुसरं गणित घेतलं. पाचेक मिनिटांनी फोनमधून आवाज आला, "कोण आलंय रे?"

"रूम बघायला आलेत."

"बरं." पुन्हा थप्, थप्.

मेसमध्ये चपात्या मिळतात. ज्वारीची भाकरी मिळत नाही, मिळाली तरी ती थापल्याचा आवाज मिळत नाही. इथे २ वर्षं राहून मला हे सुचलं नव्हतं. मी रोज रात्री घरी फोन करायचो, 'जेवलास का', 'टेस्ट कशी गेली' यांना 'हो' आणि 'बरी' अशी उत्तरं द्यायचो आणि पावणेदोन मिनिटांत ठेवायचो. या मुलानं प्रश्नच बाद केले होते.

निघताना त्याला विचारलं, हे आमच्या फिल्ममध्ये घेतलं तर चालेल का. "घ्या की," तो म्हणाला, "पण माझं नाव टाकू नका, आणि मम्मीला सांगू नका." दोन्ही कबूल केलं.

१०:००

लॉजवर. भावाचा सीन गेल्यामुळे रिकामी झालेली सव्वा मिनिटाची जागा या फोननं भरली. पंख्याच्या जागचा शेवटही तिथेच सापडला : आवाज थांबतो, भाकऱ्या संपल्या, आई फोन ठेवायला विसरते, मुलगाही कापत नाही.

साउंडवाला मात्र चिंतेत. आवाज फोनमधून आल्यासारखा करायचा तर जुन्या टेलिफोनच्या हिशेबानं साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या मधलंच ठेवायचं. खालचा धप्प भाग कापला गेला की भाकरी थापल्यासारखी न वाटता कुणीतरी टाळ्या वाजवतंय असं वाटेल. खऱ्या फोनवरून एक नमुना हवा होता, आत्ताच.

१०:३५

आईला फोन लावला. घर औसा तालुक्यात, ती झोपायच्या बेतात.

"आत्ता भाकरी? कोण खाणार?"

"कुणी नाही. आवाज पाहिजे."

"आवाज," ती म्हणाली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग गॅस पेटल्याचं ऐकू आलं.

पहिला टेक फुकट गेला. आईनं इतक्या काळजीनं भाकरी थापली की प्रत्येक थाप मोजून-मापून पडत होती आणि मधे ती श्वाससुद्धा घेत नव्हती. साउंडवाल्यानं मान हलवली. सकाळची गच्ची आठवली. मी फोनवर म्हटलं, "झालं आई, मिळालं. थांबवलं आम्ही." आणि साउंडवाल्याला खूण केली, चालू ठेव.

"झालं का? बरं झालं बाई," ती म्हणाली. "आता एवढं पीठ मळलंय तर दोन टाकतेच. सकाळी तुझे बाबा दुधात कुस्करून खातील." थप्, थप्, थप्. बांगड्या वर सारल्याचा आवाज. तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र. मग स्वतःशीच, काठ फाटला म्हणून काहीतरी.

साउंडवाल्यानं डोळे मिटले होते. त्यानं हेडफोनचा एक कान उचलून माझ्याकडे दिला आणि वहीत लिहिलं : भाकरी, टेक २, ओके.