आजोबांच्या हाताला बसलेली निब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बोरगावच्या आमच्या घरी कोऱ्या वहीवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात आणि शेजारी आजोबांचं काळं शाईपेन ठेवतात. कित्येक वर्षं त्या पेनावर अक्षता पडत होत्या, पण त्यातून अक्षर उमटत नव्हतं. ते पुन्हा लिहितं करायचं ठरवलं आणि तिथून जुनी पेनं जमवण्याचा, दुरुस्त करण्याचा नाद लागला.

आमचा सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. कोर्टकचेरी, शाळा, संत्र्यांचा हिशेब, सगळं शाईनं चालायचं. त्यामुळे इथल्या ट्रंकांतून आजही पेनं निघतात. त्यांच्यामागचा इतिहासही फार लांबचा नाही. १९३१ साली दि. प. दांडेकरांनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या. पुढे त्यातूनच कॅम्लिन उभी राहिली. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवलं, ते गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोचलं. परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, अशी पावती गांधीजींनी १६ जुलै १९३५ च्या पत्रातून दिली, तीही आपल्या वर्ध्याहून.

पेन हाती आलं की आधी ते शाई कशी भरून घेतं, हे ओळखावं. वॉटरमनचं पेटंट १८८४ चं. त्या काळची पेनं ड्रॉपरनं भरायची. मग शेफरची खटक्याची पेनं आली. त्यांच्या पोटात रबरी पिशवी असते. ती वाळून कडक होते, म्हणून नवी घालून लाखेनं चिकटवावी लागते. पेलिकननं १९२९ साली दट्ट्याचं पेन आणलं. १९४१ च्या पार्कर ५१ ला १९४८ पासून दाबून भरायची नळी आली. ती इतकी टिकाऊ, की पुष्कळदा नुसत्या पाण्यानं धुऊनही पेन चालू लागतं.

आजोबांचं पेन ड्रॉपरचं, एबोनाइटचं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कठीण केलेलं रबर. उजेडानं आणि दमटपणानं त्याचा वरचा थर आतून बदललेला असतो. हे ठाऊक नसताना मी ते पेन गरम पाण्यात बुडवलं आणि काळाभोर दांडा डोळ्यांदेखत शेवाळी-तपकिरी झाला. तेव्हापासून थंड पाणी, आणि तेही फक्त निबेच्या भागाला, हा नियम मी मोडलेला नाही. चार दिवस रोज पाणी बदललं. आधी निळसर काळे धागे सुटले, मग पाणी स्वच्छ राहिलं आणि निब आणि तिच्याखालची जिभली अलगद निघाली. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, की शाई झिरपत नाही. अशा पेनात शाई कमी ठेवू नये. हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि पेन कागदावर शाई ओकतं.

खरी कसोटी निबेची. भिंगाखाली पाहिलं तेव्हा टोकाच्या कठीण धातूचा कण एका बाजूला तिरका झिजलेला होता. घासून गुळगुळीत करण्याचा मोह झाला, पण हात आवरला. ती झीज बिघाड नव्हती. वर्षानुवर्षं एकाच हातानं, एकाच कलानं लिहिल्याची ती खूण होती. एकदा घासलेला धातू परत येत नाही. म्हणून पितळेची पातळ पट्टी फटीतून फिरवून वाळलेली शाई तेवढी काढली, दोन्ही पाती समपातळीत आणली आणि थांबलो.

संग्राहकांनी किंमत, छाप, दुर्मिळता जरूर पाहावी. पण पेनाची मोठी दौलत म्हणजे ते ज्या हाताला बसलं तो हात, आणि दुरुस्ती करताना तीच पहिल्यांदा पुसली जाते.

यंदा पूजेनंतर मी त्याच पेनानं वहीवर ‘श्री’ लिहिला. सुरुवातीला निब कागदाला खरवडत होती. पेन थोडं डावीकडे वळवलं, जरा आडवं धरलं आणि ती एकदम सरसर चालू लागली. आजोबा पेन कसं धरत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या निबेनं सांगितलं.