इंजिन बसलं, आता वायरिंग

चेन-पुलीला टांगलेलं इंजिन चेसिसवर टेकलं, नटबोल्ट आवळले गेले, की बघे पांगतात. वायरमनचं काम तिथून सुरू होतं.

अक्कलकुवा तालुक्यातलं काठी हे राजवाडी होळीचं गाव. त्या रात्री सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांवरून हजारो माणसं इथे जमतात. एरवी धान्य, सिमेंट, बाजारहाट सगळं घाटानेच वर चढतं. असल्या चढावर इंजिन दमलं आणि नवं परवडत नसलं, की मालक दुसऱ्या गाडीचं उतरवलेलं इंजिन शोधतो.

१९८६ साली आलेल्या टाटा ४०७चंच घ्या. तिच्या जुन्या ४९७ इंजिनाच्या नावातच त्याचं माप आहे: ४ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोर. १०० मिलिमीटर स्ट्रोक धरला की २,९५६ सीसी होतात. पंप मेकॅनिकल, त्यामुळे इंजिनाकडे जाणाऱ्या वायरी थोड्याच: सेल्फ, डायनामो, ऑइल प्रेशर, टेंपरेचर.

थोड्या असल्या तरी चकवतात. टेंपरेचरचा सेंडर तापला की त्याचा रोध कमी होतो आणि काटा वर चढतो. त्याची वायर कुठे बॉडीला टेकली तर थंड इंजिनातही काटा लालवर जातो. तुटली तर इंजिन उकळत असतानाही काटा खालीच पडून राहतो. घाटात हा दुसरा प्रकार जास्त घातक. दुसऱ्या इंजिनाबरोबर आलेला सेंडर आट्यात बसला, म्हणून आपल्या मीटरशी जुळेलच असं नाही. जुना काढून लावलेला बरा.

डायनामोची बारीक वायर डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्यातून येते. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनामो जागा व्हायला सुरुवातीचा करंट याच वाटेने मिळतो. दिवा उडालेला असला, की दोष मात्र बिचाऱ्या डायनामोवर येतो.

पण खरी गंमत अर्थची. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून त्याला चेसिसशी जोडणारी जाड पट्टी लागते. ती लावायची राहिली, की सेल्फ मारताच शेकडो अँपिअर करंट परतीची वाट शोधतो आणि सापडेल त्या ॲक्सिलरेटरच्या केबलमधून निघतो. केबल तापते, धूर येतो आणि सेल्फ खराब म्हणून पुन्हा उतरवला जातो! पट्टीखालचा रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, तर हा सगळा व्याप वाचतो.

कॉमन रेल इंजिनाचा मामला वेगळा. बीएस-६ मानकं १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्यानंतरच्या ४०७मध्येही २,९५६ सीसीचंच इंजिन मिळतं, पण आता ईसीयू, क्रँक सेन्सर, रेल प्रेशर सेन्सर, इंजेक्टर असा सगळा गोतावळा हार्नेसमध्ये आला. इथे टेस्ट लॅम्प टोचणं धोक्याचं; मल्टिमीटर हवा. ईसीयूंचे संदेश नेणाऱ्या कॅन लाइनच्या पीळ दिलेल्या दोन वायरींच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात, म्हणून बॅटरी काढून मोजल्यावर साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले, तर एक टोक सुटलंय. बऱ्याच इंजिनांत इंजेक्टरचे कोडही ईसीयूत भरावे लागतात, आणि त्याला लॅपटॉप लागतो. म्हणून असली गाडी डोंगरात उघडण्यापेक्षा टोचन लावून खाली नेलेली परवडते.

गाडी सुरू झाली तरी कागद उरतात. आरसीवर इंजिन नंबर असतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२मुळे गाडीतला असा बदल आरटीओत नोंदवावा लागतो. काठीच्या एमएच ३९ गाडीला त्यासाठी नंदुरबार गाठावं लागतं.