एकोणतीस मिनिटांची तबकडी

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या वनप्रदेशात, धान घरात आल्यावर नाटकांचा जो हंगाम सुरू होतो, त्यात गाणे रंगमंचावर प्रत्यक्ष गायिले जाते, ऑर्गन आणि तबला प्रेक्षकांदेखत वाजतात, आणि वडशाहून गावोगावी जाणाऱ्या मंडळींचा निर्वाह तिकिटावर चालतो. ‘रमोन्स’ या न्यूयॉर्कच्या पंक रॉक बँडचा १९७६ साली निघालेला पहिला अल्बम या प्रदेशाच्या वाचकाला परका वाटू नये, कारण त्याची घडणही अशाच प्रत्यक्ष प्रयोगात झाली. नाते अर्थात घडणीचे आहे, सुरांचे नाही. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते, तर या अल्बममधील चौदा गाणी मिळून जेमतेम २९ मिनिटांची आहेत.

पंक रॉक म्हणजे रॉक संगीताची ती शाखा, जिने लांबलचक वाद्यवादन, तंत्रनैपुण्याचे प्रदर्शन आणि स्टुडिओतील सजावट नाकारून तीन-चार स्वरमेळांची, दोन-अडीच मिनिटांत संपणारी, वेगवान गाणी पुढे आणली. क्वीन्स भागातील फॉरेस्ट हिल्सच्या चार तरुणांनी १९७४ साली हा बँड उभा केला आणि पॉल मॅकार्टनी यांच्या ‘पॉल रमोन’ या जुन्या टोपणनावावरून चौघांनीही ‘रमोन’ हेच आडनाव धारण केले: गायक जोई, गिटारवादक जॉनी, बास म्हणजे खर्जाची गिटार वाजवणारा डी डी आणि ड्रमवादक टॉमी. सीबीजीबी नावाच्या लहानशा क्लबात वारंवार प्रयोग करून त्यांची गाणी इतकी मुरली होती, की स्टुडिओत रचण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते.

ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९७६ मध्ये रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतील प्लाझा साउंड स्टुडिओत, क्रेग लिऑन यांच्या निर्मितीखाली, सुमारे आठवडाभरात आणि ६,४०० डॉलरांत पार पडले. रॉक अल्बमसाठी महिनोन्महिने स्टुडिओ अडवून ठेवण्याच्या त्या काळात हा खर्च नगण्यच होता. तरीही या काटकसरीला निष्काळजीपणा समजणे चूक ठरेल. स्टिरिओ पद्धतीत ध्वनी दोन बाजूंना विभागता येतो. येथे बास डावीकडे, गिटार उजवीकडे आणि गायन व ड्रम मध्यभागी ठेवल्यामुळे प्रत्येक वाद्य सुटे ऐकू येते. जॉनीचे वादन विशेष लक्ष देण्याजोगे आहे: तो तारांवर आघात जवळजवळ सर्वत्र वरून खालीच करतो, परतीचा हलका आघात टाळतो, आणि त्यामुळे एकसारखी, दाट, करवतीसारखी जी घरघर उमटते, ती या अल्बमची खरी ओळख आहे. मनगटाला हे श्रम विलक्षण पडतात. ‘यांना वाजवता येत नाही’ हा त्या काळचा आक्षेप म्हणूनच टिकणारा नव्हता.

सायर रेकॉर्ड्सने २३ एप्रिल १९७६ रोजी अल्बम प्रकाशित केला, तेव्हा अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो १११ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. परिणाम मात्र समुद्रापलीकडे दिसला. ४ जुलै रोजी लंडनच्या राउंडहाउसमध्ये बँडचा प्रयोग झाला आणि तेथील उगवत्या पंक पिढीला या गाण्यांत आपली वाट सापडली.

पाच लाख प्रतींसाठी दिले जाणारे सुवर्ण प्रमाणपत्र अल्बमला ३० एप्रिल २०१४ रोजी मिळाले. तोवर जोई, डी डी आणि जॉनी यांचे निधन झाले होते. हयात असलेला एकटा टॉमी त्याच वर्षी ११ जुलै रोजी वारला.