परफॉर्मन्स मोटारीसाठी टायर व सस्पेन्शनची निवड

सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी झालेल्या, परंतु वळणावरील पकड, ब्रेकची परिणामकारकता आणि स्टिअरिंगचा अचूक प्रतिसाद यांवर विशेष भर असलेल्या मोटारीला परफॉर्मन्स मोटार असे म्हणतात. अशा मोटारीचे मूळ टायर, स्प्रिंगा, डँपर (बोलीभाषेत शॉकअप), अँटी-रोल बार व बुश बदलून तिचे वर्तन सुधारता येते किंवा बिघडवताही येते. मोटारीचा रस्त्याशी संबंध केवळ टायरांच्या चार ठशांतून येतो आणि यातील प्रत्येक ठसा साधारण तळहाताएवढा असतो. वेग वाढवणे, वळणे व थांबणे यांसाठी लागणारे सर्व बल या ठशांतूनच मिळते. ठसे रस्त्याला सतत टेकलेले ठेवणे आणि त्यांच्यावरील भारातील चढउतार कमीत कमी राखणे हे सस्पेन्शनचे मुख्य काम होय. म्हणून आधी टायर ठरवून मग त्याला साजेसे सस्पेन्शन जुळवणे हा क्रम योग्य मानला जातो.

पार्श्वभूमी

हवा भरलेल्या टायरचे पहिले एकस्व स्कॉटिश संशोधक रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये तो नव्याने शोधून व्यवहारात आणला. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे एकस्व घेतले. या रचनेत टायरची बाजू लवचीक, तर रस्त्याला टेकणारा पट्टा ताठ राहतो. त्यामुळे वळणावर ठसा कमी विकृत होतो. आजच्या जवळपास सर्व मोटारींचे टायर रेडियलच असतात.

सस्पेन्शनचा शास्त्रीय अभ्यास १९३०च्या दशकात मॉरिस ऑली यांनी अमेरिकेतील जनरल मोटर्समध्ये पुढे नेला. मागील स्प्रिंगांची दोलनवारंवारता पुढच्यांपेक्षा किंचित जास्त ठेवल्यास उंचवटा ओलांडल्यावर मोटार पुढे-मागे कमी डुलते, हे त्यांनी दाखवून दिले. ब्रिटनमध्ये लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी हलकी मोटार, तुलनेने मऊ स्प्रिंगा व नेमके अवमंदन यांचा मेळ घातला. उत्तम वळणक्षमतेसाठी सस्पेन्शन कडकच असावे लागते, ही समजूत त्यांच्या मोटारींनी खोटी ठरवली.

टायर

आकारसंकेत : टायरच्या बाजूवर छापलेल्या ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ या संकेतात २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ ही रुंदीच्या टक्केवारीत दिलेली बाजूची उंची, आर म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. ९१ हा भारांक प्रतिटायर ६१५ किलोग्रॅम क्षमता दर्शवतो. वेगसंकेतांमध्ये एच म्हणजे ताशी २१० किमी, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३०० किमी अशी मर्यादा असते. पर्यायी टायरचा भारांक व वेगसंकेत मोटारनिर्मात्याने सांगितल्यापेक्षा कमी नसावा.

रिम मोठा घेतल्यास टायरची बाजू तितकी उथळ घ्यावी लागते, म्हणजे चाकाचा एकूण व्यास टिकून राहतो. वरील टायरचा एकूण व्यास सुमारे ६३२ मिमी भरतो, तर २२५/४५ आर १७ या टायरचा सुमारे ६३४ मिमी. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्याने वेगदर्शक, गिअरचे गुणोत्तर आणि अँटी-लॉक ब्रेक यांच्यावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. उथळ बाजूमुळे स्टिअरिंगचा प्रतिसाद जलद होतो. त्याच वेळी खड्ड्याचा आघात रिमपर्यंत लवकर पोहोचतो व रिम वाकण्याची शक्यता वाढते. मोठा रिम बहुधा जडही असतो. चाक, टायर व ब्रेक यांचे वजन स्प्रिंगांनी तोललेले नसते. हे वजन जितके कमी, तितके चाक रस्त्याच्या चढउतारांना चांगले अनुसरते. म्हणून ब्रेकला पुरेशी जागा देणारा सर्वांत लहान व हलका रिम अनेकदा अधिक उपयुक्त ठरतो.

रबर व हवामान : मऊ रबर खडबडीत पृष्ठभागात अधिक रुतते व पकड वाढवते, पण लवकर झिजते. अमेरिकेतील प्रमाणपद्धतीत टायरवर झीज-अंक छापलेला असतो. हा अंक जितका मोठा, तितके अपेक्षित आयुष्य जास्त. चाचण्या निर्माते स्वतः करत असल्याने दोन कंपन्यांच्या अंकांची तुलना जपूनच करावी लागते. उन्हाळी परफॉर्मन्स टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते, म्हणून थंड प्रदेशांत हिवाळी टायरांचा वेगळा संच वापरतात. शर्यतपट्टीसाठी बनवलेले अर्ध-गुळगुळीत टायर कोरड्या रस्त्यावर गरम झाल्यावर उत्कृष्ट पकड देतात. मात्र थंड असताना, तसेच साचलेल्या पाण्यात ते सामान्य टायरपेक्षाही कमी पडू शकतात.

रुंदी : रुंद टायर कोरड्या रस्त्यावर बहुधा अधिक पार्श्व बल देतो. परंतु साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा कमी वेगाला तरंगू लागतो. नक्षीच्या खाचा झिजून उथळ झाल्या की हा धोका आणखी वाढतो. प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची ठरावीक मर्यादा असते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवल्यास त्याच्या बाजू आत ओढल्या जातात आणि वळणावर ठसा डळमळतो, त्यामुळे वाढीव रुंदीचा लाभ मिळत नाही.

वळणावरील भारांतरण

टायरवरील भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, ती त्याहून काहीशी कमीच वाढते. समजा, प्रत्येकी ३०० किलो भार असलेल्या दोन टायरांपैकी आतल्या टायरवरचा १५० किलो भार वळणावर बाहेरच्या टायरकडे गेला. अशा वेळी ४५० किलो भाराच्या टायरची वाढलेली पकड १५० किलो भाराच्या टायरने गमावलेली पकड पूर्णपणे भरून काढू शकत नाही. म्हणजेच भारांतरण जितके जास्त, तितकी त्या जोडीची एकूण पकड कमी.

स्थिर वळणातील एकूण भारांतरण मुख्यतः मोटारीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर आणि पार्श्व त्वरण या चार गोष्टींवर ठरते. मोटारीचे वजन ११०० किलो, गुरुत्वमध्य ०.५ मीटर उंच, चाकांतील अंतर १.४ मीटर आणि पार्श्व त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ०.८ पट धरल्यास सुमारे ३१४ किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. स्प्रिंगा कडक केल्याने मोटार कमी कलते, पण हा आकडा फारसा बदलत नाही. कडक भागांमुळे बदलते ती या भाराची पुढील व मागील चाकांमधील वाटणी. सस्पेन्शनच्या निवडीत सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर होतात.

सस्पेन्शनचे भाग

स्प्रिंगा : स्प्रिंगेची निवड ताठरतेच्या नुसत्या आकड्यावरून न करता दोलनवारंवारतेवरून करतात, कारण एकच स्प्रिंग हलक्या मोटारीत कडक आणि जड मोटारीत मऊ ठरते. सामान्य मोटारींत ही वारंवारता साधारण १ ते १.५ हर्ट्‌झ, तर रस्त्यावरील परफॉर्मन्स मोटारींत १.५ ते २ हर्ट्‌झ असते. एका चाकावर तोललेले वस्तुमान २१५ किलो असेल, तर १.५ हर्ट्‌झसाठी चाकाशी मोजलेली ताठरता सुमारे १९ न्यूटन प्रति मिलिमीटर आणि २ हर्ट्‌झसाठी सुमारे ३४ लागते. वारंवारता दुप्पट करायची तर ताठरता चौपट करावी लागते. स्प्रिंग चाकापासून आत बसवलेली असल्यास तरफेच्या तत्त्वानुसार प्रत्यक्ष स्प्रिंग याहूनही कडक घ्यावी लागते. खडबडीत रस्त्यावर अतिकडक स्प्रिंगांमुळे चाक क्षणभर उचलले जाते, आणि हवेत असलेले चाक ना वळवू शकते, ना थांबवू शकते.

डँपर : स्प्रिंग ऊर्जा साठवते, तर डँपर ती तेलाच्या घर्षणातून उष्णतेत रूपांतरित करतो. डँपर नसल्यास मोटार उंचवटा ओलांडल्यावर बराच काळ डोलत राहील. स्प्रिंगा कडक केल्यावर मूळ डँपर त्यांच्या प्रसरणाला आवर घालू शकत नाहीत, म्हणून हे दोन्ही भाग जोडीनेच निवडावे लागतात. उलट, गरजेपेक्षा कडक डँपर चाकाला रस्त्याच्या उतारासोबत वेळेवर खाली येऊ देत नाही.

अँटी-रोल बार : डाव्या व उजव्या चाकांना जोडणारा हा पोलादी दांडा मोटारीचे कलणे कमी करतो. भरीव दांड्याची ताठरता व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढते. त्यामुळे २० मिमीऐवजी २२ मिमीचा दांडा घेतल्यास ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढते. पुढील बार जाड केल्यास भारांतरणाचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर पडतो आणि मोटार वळणाबाहेर सरकू पाहते. यास अंडरस्टिअर म्हणतात. मागील बार जाड केल्यास मागची बाजू घसरण्याची प्रवृत्ती वाढते. यास ओव्हरस्टिअर म्हणतात. सामान्य चालकाला दुसरी अवस्था सावरणे अधिक कठीण जाते.

उंची : मोटार ३० मिमीने खाली घेतल्यास वरील उदाहरणातील भारांतरण सुमारे ६ टक्क्यांनी कमी होते. परंतु मॅकफर्सन स्ट्रट प्रकारच्या सस्पेन्शनमध्ये खालचे आडवे दांडे चाकाच्या बाजूने वर कलतात व मोटारीचे कलनकेंद्र गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जाते. परिणामी मोटार अधिक कलू पाहते. शिवाय चाकाची वर जाण्याची जागा कमी झाल्याने सस्पेन्शन थांब-रबरावर आदळते आणि त्या चाकाची ताठरता एकाएकी वाढते. अशी घटना वळणाच्या मध्यावर घडल्यास पकड अचानक सुटू शकते.

बुश : सांध्यांमधील रबरी बुश कंपने शोषतात. पॉलियुरेथेनचे बुश चाकांचे कोन अधिक स्थिर ठेवतात, मात्र आवाज व हादरे वाढवतात. जुन्या मोटारीत फाटलेल्या बुशांच्या जागी नवे मूळ बुश बसवल्यानेही मोठी सुधारणा होते.

चाकांचे कोन

समोरून पाहता चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल म्हणजे कॅम्बर होय. वळणावर मोटार कलते तेव्हा बाहेरचे चाक बाहेरच्या कडेवर झुकते. आधीच थोडा ऋण कॅम्बर दिल्यास त्या वेळी ठसा रस्त्याला सपाट टेकतो. रस्त्यावरील मोटारींत साधारण १ ते २ अंश ऋण कॅम्बर उपयुक्त ठरतो. त्याहून जास्त दिल्यास ब्रेक लावताना पकड घटते व टायरची आतली कड लवकर झिजते. वरून पाहता चाकांची दिशा दर्शवणाऱ्या कोनास टो म्हणतात. मागील चाके किंचित आत वळलेली असल्यास मोटार स्थिर राहते. सस्पेन्शनचा भाग किंवा उंची बदलल्यावर व्हील अलाइनमेंट पुन्हा करणे आवश्यक असते.

उदाहरण : माझदा एमएक्स-५

माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी मोटार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात सादर झाली. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या या मोटारीचे वजन एक टनाहून कमी होते आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन होते. मूळ टायर १८५/६० आर १४ या माफक आकाराचे, म्हणजे सुमारे ५७८ मिमी व्यासाचे होते. तिच्या वळणक्षमतेची कीर्ती रुंद टायरांवर नव्हे, तर कमी वजन, पुढे-मागे जवळपास समान विभागलेला भार आणि चाकांच्या कोनांवरील उत्तम नियंत्रण यांवर उभी होती.

या मोटारीसाठी १९५/५० आर १५ हा लोकप्रिय पर्यायी आकार आहे. त्याचा व्यास ५७६ मिमी भरतो. दोन्ही आकारांत ८२ भारांकाचे, म्हणजे प्रत्येकी ४७५ किलो क्षमतेचे टायर मिळतात. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या काही प्रकारांत माझदाने स्वतःच हा आकार वापरला. व्यास, भार व रिम यांचा मेळ राखून केलेल्या बदलाचे हे चांगले उदाहरण होय.

निवडीचा क्रम

सर्वप्रथम मोटारीचा प्रत्यक्ष वापर ठरवावा लागतो : रोजचा प्रवास, पावसाळी घाटरस्ते की अधूनमधून शर्यतपट्टी. त्यानंतर झिजलेले बुश, सांधे व डँपर बदलून मोटार मूळ स्थितीत आणली जाते. पुढील टप्प्यात चांगले टायर, योग्य हवेचा दाब व अचूक अलाइनमेंट येते. सुधारणेचा सर्वांत मोठा भाग बहुधा येथेच पदरात पडतो. त्यानंतर डँपर व स्प्रिंगा एकत्र आणि शेवटी पुढील-मागील तोल साधण्यासाठी अँटी-रोल बार बदलतात. एका वेळी एकच बदल केल्यास त्याचा परिणाम स्वतंत्रपणे ओळखता येतो.

सुरक्षितता व कायदा

हवेचा दाब टायर थंड असताना मोजतात. तापमान १० अंशांनी वाढल्यास तो सुमारे ०.१ बारने वाढतो. टायरच्या बाजूवरील चार आकडी संकेत निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतो. उदाहरणार्थ, २३२३ म्हणजे २०२३ सालचा २३वा आठवडा. दोनच नवे टायर घेतल्यास ते मागील चाकांना बसवावेत, मग मोटार पुढील चाकांवर चालणारी असली तरीही. कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटल्यास मोटार गरकन फिरते.

युरोपीय संघात व भारतात मोटारीच्या टायरच्या नक्षीची किमान खोली १.६ मिमी असावी लागते. जर्मनीत सस्पेन्शन व चाकांच्या बदलांसाठी प्रमाणित भाग किंवा अधिकृत तपासणी आवश्यक असते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही. त्यामुळे बदल करण्यापूर्वी निर्मात्याने मान्य केलेले आकार आणि विम्याच्या अटी तपासणे आवश्यक ठरते.